दोनशे पंचावन्न किलोमीटरचा हिशेब

श्रीनगर आणि लेह या दोन विमानतळांमधले सरळ रेषेतले अंतर सुमारे २५५ किलोमीटर आहे. विमानप्रवासाचे तक्ते साधारणपणे एका ठोकळ सूत्रावर बनतात : ताशी ८०० किलोमीटरचा वेग धरायचा आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास वर घालायचा. त्या सूत्राने हा प्रवास ४९ मिनिटांत आटोपतो, आणि प्रत्यक्ष वेळापत्रकातला आकडाही पाऊण तास ते एक तास असाच असतो. दोन्ही शहरे ३४ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास, म्हणजे नकाशावर जवळजवळ एकाच आडव्या रेषेवर आहेत. जमिनीवरून मात्र हेच अंतर ४२० किलोमीटरच्या वर जाते, त्याला सहसा दोन दिवस लागतात आणि मध्ये एक रात्र कारगिलला काढावी लागते. जाताना रस्ता आणि येताना विमान असा प्रवास केला की हे दोन्ही हिशेब एकमेकांशेजारी मांडून पाहता येतात, आणि २५५ हा आकडा किती अपुरा आहे ते ध्यानात येते. हा आकडा चुकीचा नाही. पण डोंगराळ मुलखात दोन गावे किती लांब आहेत हे नुसत्या किलोमीटरांत किंवा मिनिटांत सांगताच येत नाही. उंची, हंगाम आणि मधली वस्ती या तीन गोष्टी हिशेबात धरल्याशिवाय ते उत्तर अर्धवटच राहते. हे म्हणणे केवळ भावनेपोटी केलेले नाही. पुरावे रस्त्यातच जागोजागी पडलेले आहेत, तेव्हा रस्त्यानेच जाऊन ते पाहिलेले बरे.

श्रीनगर सोडल्यावर रस्ता गांदरबल, कंगन, गुंड असे करत सिंध नाल्याच्या काठाने वर सरकतो. ही सिंध झेलमला मिळणारी काश्मिरातली नदी. लडाखमधली सिंधू वेगळी. दोन्ही बाजूंना भातखाचरे, अक्रोड, विलो आणि सरळसोट पॉपलर दिसतात, घरांची छपरे बर्फ घसरून पडावा म्हणून उतरती असतात. गगनगीरपाशी दरी अरुंद होते. तिथून सोनमर्गला जाणारा रस्ता हिवाळ्यात हिमकडे कोसळून बंद पडत असे. जानेवारी २०२५ मध्ये साडेसहा किलोमीटरचा सोनमर्ग बोगदा खुला झाला आणि सोनमर्ग बारमाही झाले. त्याआधी थंडीच्या महिन्यांत ते जवळजवळ ओस पडत असे. आता हिवाळ्यातही तिथे हॉटेले चालतात, घोडेवाल्यांना काम मिळते. दोन्ही टोकांमधले किलोमीटर फारसे बदलले नाहीत, गावाचे वर्ष मात्र काही महिन्यांनी लांबले. अंतर म्हणजे नेमके काय, याचा पहिला धडा इथेच मिळतो : जी जागा वर्षातले चार महिने गाठता येत नाही, ती त्या चार महिन्यांत कितीही जवळ असली तरी दूरच.

सोनमर्गच्या पुढे बालटाल, आणि बालटालच्या डोक्यावर झोजी ला. ३,५२८ मीटर उंचीची ही खिंड हिमालयातल्या खिंडींच्या मानाने उंच म्हणता येणार नाही. मुख्य हिमालयाची रांग ओलांडणाऱ्या वाटांमध्ये ती ठेंगण्यांतच मोडते. तिची अडचण उंचीची नसून आकाराची आहे. काश्मीरच्या बाजूने ती भिंतीसारखी उभी चढते. रस्ता कड्याच्या पोटातून वळणे घेत जातो आणि खाली दरीतल्या अमरनाथ यात्रेच्या तळावरचे तंबू इवलेसे दिसू लागतात. माथ्यावर पोहोचल्यावर पलीकडे तेवढाच उभा उतार असेल अशी अपेक्षा असते, आणि पहिले आश्चर्य तिथेच वाट पाहत असते. पलीकडे उतार जवळजवळ नाहीच. गुमरी, मिनामर्ग, माताइन अशा वस्त्यांमधून रस्ता रुंद, सपाट गवताळ दरीतून हळूहळू उतरत द्रासकडे जातो. झाडे मात्र खिंडीपाशीच संपलेली असतात. भूर्ज आणि देवदार मागे राहतात, पुढे तपकिरी डोंगर आणि नदीकाठची हिरवी पट्टी एवढेच उरते. पश्चिमेकडून येणारी ओल ही रांग अडवते आणि आपल्याच अंगावर बर्फ म्हणून झेलते. श्रीनगरला वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस-बर्फ मिळतो, लेहला जेमतेम १००. एकाच अक्षांशावरच्या, विमानाने तासाभराच्या अंतरावरच्या दोन शहरांत सातपटीचा हा फरक आहे. पिके, घरांची छपरे, जनावरे आणि जेवण यांतला बहुतेक फरक या एकाच आकड्यातून फुटतो. श्रीनगरला भात पिकतो, लेहला जव. तिकडे उतरती छपरे, इकडे मातीची सपाट धाबी.

याच बर्फाने झोजी लाचा इतिहासही लिहिला आहे. पूर्वी श्रीनगर ते लेह हा मार्ग तट्टांच्या काफिल्यांचा होता आणि तो मजल दरमजल पंधरा-सोळा मुक्कामांत पुरा होई. नोव्हेंबर १९४८ मध्ये मेजर जनरल थिमय्या यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्याने या खिंडीवर हलके स्टुअर्ट रणगाडे चढवले. इतक्या उंचीवर रणगाडे येतील अशी समोरच्या पाकिस्तानी फौजेची कल्पनाही नव्हती. खिंड हाती आली आणि द्रास-कारगिलमार्गे लेहशी जमिनीवरून जोडणी पुन्हा झाली. पुढे मोटाररस्ता झाला, तरी दरवर्षी खिंड अनेक महिने बंदच राहायची. ती लवकर उघडण्याचे काम सीमा सडक संघटना करते, आणि बदलाचा वेग डोळ्यांत भरण्यासारखा आहे : २०२२ मध्ये खिंड ७३ दिवसांनी उघडली, २०२३ मध्ये ६८, २०२४ मध्ये ३५ आणि २०२५ मध्ये ३२ दिवसांनी. श्रीनगर आणि लेह यांच्यातले अंतर गेल्या काही वर्षांत खरोखर कमी झाले असेल, तर ते इथे झाले, बर्फ कापणाऱ्या यंत्रांच्या पात्याखाली. तक्त्यातला २५५ हा आकडा या सगळ्या काळात जागच्या जागी आहे.

द्रासची ख्याती थंडीची. सुमारे ३,२०० मीटरवरच्या या दरीत हिवाळ्यात पारा उणे ३० च्या खाली सहज जातो. इथे शिना भाषा बोलणारे दर्द लोक राहतात. खिंडीच्या अलीकडची काश्मिरी भाषा इथे मागे पडलेली असते. पण आज प्रवासी द्रासला थांबतात ते १९९९ च्या कारगिल युद्धाच्या स्मारकासाठी. तोलोलिंगच्या पायथ्याशी उभे राहून वर पाहिले की त्या युद्धाचे कारण कोणत्याही पुस्तकापेक्षा स्पष्ट कळते. शिखरे रस्त्याच्या इतकी जवळ आणि इतकी थेट वर आहेत की तिथे बसलेल्याला खालून जाणारा प्रत्येक ट्रक दिसतो. शत्रूला हवा होता तो हा रस्ता, कारण तो तोडला की लेहची आणि त्यापलीकडच्या सियाचीनची रसद अडते. त्या वेळी लेहला चालू विमानतळ होता, हवाई दलाची अवजड विमाने तिथे उतरत होती, मनालीकडून येणारा दुसरा रस्ताही उन्हाळ्यात खुला असतो. तरीही या एका रस्त्यासाठी दोन देश लढले. विमानमार्गाने अंतर खरोखरच मिटत असते, तर तोलोलिंग आणि टायगर हिल जिंकायला कोणी एवढे रक्त सांडले नसते. विमानाने माणसे जातात, औषधे जातात, निकडीचा दारूगोळाही जातो. पण डिझेल, सिमेंट, तांदूळ, स्वयंपाकाचा गॅस आणि हजारो जवानांचे हिवाळ्याचे शिधासामान नेण्याचे परवडणारे साधन ट्रकच आहे. आजही उन्हाळ्यात या रस्त्यावर लष्कराच्या वाहनांचे आणि तेलाच्या टँकरांचे लांबच लांब ताफे भेटतात. लडाखचा हिवाळा या ताफ्यांवर जगतो.

कारगिल हे गाव श्रीनगर आणि लेह यांच्या जवळजवळ मध्यावर, सुरू नदीच्या काठी २,६७६ मीटरवर वसले आहे. बहुतेक मराठी माणसांच्या मनात कारगिल म्हणजे युद्धभूमी. प्रत्यक्षात ते जर्दाळूंचे, चिनारांचे नाही पण पॉपलरांचे, शिया मुसलमानांचे आणि व्यापाराचे गाव आहे. १९४७ पूर्वी इथे चार वाटा मिळत : श्रीनगरची, लेहची, झांस्करची आणि स्कर्दूची. मुन्शी अझीज भट या व्यापाऱ्याने १९२० मध्ये इथे सराय बांधली. मध्य आशियातून यारकंद आणि लेहमार्गे आलेला माल तिथे उतरत असे. त्या व्यापारातल्या वस्तूंचे संग्रहालय त्यांच्या वारसांनी कारगिलमध्ये उभारले आहे. त्यात गालिचे, घोड्यांचे साज, रंगांचे डबे, दूरदेशीची नाणी असा ऐवज आहे, आणि तो पाहताना हे आडबाजूचे गाव एके काळी चौरस्त्यावर होते हे पटते. स्कर्दू पाकिस्तानच्या ताब्यात गेल्याने या चार वाटांपैकी तिकडची वाट १९४८ पासून बंद आहे. कारगिल ते स्कर्दू हे अंतर सरळ रेषेत १०० किलोमीटरच्याही आत आहे, म्हणजे श्रीनगर-लेहच्या निम्म्याहून कमी. दोन्हीकडे धावपट्ट्या आहेत, दोन्हीकडे एकमेकांचे नातलग आहेत, दोन्हीकडची बोली एकाच कुळातली आहे. तरीही एका गावातून दुसऱ्या गावाला जायचे तर पासपोर्ट, व्हिसा आणि देशाला वळसा एवढे सगळे आले, आणि तेही परवानगी मिळालीच तर. हवाई अंतराचा तक्ता कारगिल-स्कर्दू जोडीसमोरही तेवढ्याच निर्विकारपणे पस्तीस-चाळीस मिनिटे लिहील.

कारगिलच्या धावपट्टीची कथाही या हिशेबात धरायला हवी. गावाला विमानतळ आहे, पण तिथून नियमित प्रवासी सेवा रुजलेली नाही. धावपट्टी आखूड, भोवती डोंगर, त्यामुळे मोठी प्रवासी विमाने तिथे उतरू शकत नाहीत. झोजी ला बंद असताना अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची एएन-३२ विमाने फेऱ्या करतात. लोक त्यांना ‘कारगिल कुरियर’ म्हणतात. श्रीनगर-लेह विमान जवळपास याच मुलखावरून जाते. त्या विमानाने श्रीनगर आणि लेह एकमेकांजवळ आले, हे खरे. कारगिल मात्र त्या उड्डाणाने कोणाच्याही जवळ आले नाही. दोन टोके जोडली गेली की मधलेही जोडले जातात, हा रस्त्याचा गुणधर्म आहे. विमानाचा तो नाही. ढाबा, पंक्चरचे दुकान, मुक्कामाची खोली, रस्त्याकडेला जर्दाळू विकणारी मुले हे सगळे अर्थकारण रस्त्यावर उभे आहे, आणि विमानाने जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाबरोबर ते तेवढे आटते.

कारगिलनंतर चाळीसेक किलोमीटरवर मुलबेख येते. रस्त्याला खेटून उभ्या असलेल्या सुळक्यावर मैत्रेय बुद्धाची सुमारे नऊ मीटर उंचीची मूर्ती कोरलेली आहे. इथून मशिदींच्या जोडीला गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, दिसू लागतात. कुठे एक धर्म संपला आणि दुसरा सुरू झाला अशी रेघ सापडत नाही. काही गावांत, काही घराण्यांतही दोन्ही परंपरा शेजारी नांदल्या आहेत. पुढे रस्ता ३,७०० मीटरचा नमिका ला आणि मग ४,१०८ मीटरचा फोटू ला ओलांडतो. फोटू ला हा या संपूर्ण मार्गावरचा सर्वांत उंच बिंदू, झोजी लापेक्षा जवळजवळ ५८० मीटरने वर. इथे दुसरे आश्चर्य वाटते : सर्वांत उंच खिंड सर्वांत सोपी आहे. चढ लांब पण संथ, डोंगर कोरडे, बर्फ थोडा. हिवाळ्यात हा मार्ग तुटतो तो सहसा फोटू लामुळे नव्हे, तर तिच्याहून ठेंगण्या झोजी लामुळे. म्हणजे उंचीचा आकडाही एकटा घेतला तर तितकाच फसवा ठरतो. त्याला ओल आणि उतार जोडल्याशिवाय तो काही सांगत नाही. एका आकड्याऐवजी दुसरा आकडा आणून ठेवल्याने डोंगर कळत नाहीत.

फोटू ला उतरताना लामायुरूचा पिवळसर मऊ मातीचा प्रदेश लागतो. वाऱ्या-पाण्याने कातरलेले हे उंचवटे एका प्राचीन सरोवराचा गाळ आहेत. लोककथाही तेच सांगते : इथे तळे होते आणि नारोपा या सिद्धाने ते आटवले. खाली खालत्सेला रस्ता सिंधूला भिडतो, आणि तिथून लेहपर्यंत नदी सोबतीला राहते. खालत्सेच्या पुढे एका बाजूला आत तेमिसगाम हे गाव आहे. १६८४ मध्ये लडाख आणि तिबेट यांच्यातला तह इथे झाला, आणि त्यात पश्मिना लोकरीचा व्यापार काश्मीरच्या वाट्याला बांधून दिला गेला. चांगथांगच्या पठारावरच्या शेळ्यांची लोकर लेहला यायची आणि तिथून याच वाटेने झोजी ला ओलांडून श्रीनगरच्या मागांवर जायची. काश्मिरी शालीचे जगभर झालेले नाव या रस्त्यावर उभे आहे. उलट दिशेने कला आली. सिंधूपलीकडच्या आल्चीच्या मंदिरांत अकराव्या-बाराव्या शतकांतली भित्तिचित्रे आहेत. त्यांतली वस्त्रे, चेहरे आणि नक्षी काश्मिरी शैलीची आहेत. काश्मीरमध्ये त्या काळची बौद्ध चित्रकला जवळजवळ नाहीशी झाली. ती पाहायची तर आज लडाखमध्ये यावे लागते. त्या चित्रकारांना श्रीनगरहून इथवर यायला आठवडे लागले असतील. तरीही त्या काळी ही दोन ठिकाणे एकमेकांना आजच्याइतकी परकी नव्हती, असेच या भिंती सांगतात. वेळ कमी लागला की जवळीक वाढते, हे गृहीत त्यांच्यापुढे टिकत नाही.

निम्मूला झांस्कर नदी सिंधूला मिळते, आणि थोड्याच वेळात स्पितुकच्या टेकडीखाली विमानतळ दिसतो. लेहच्या विमानतळाला नाव आहे कुशोक बकुला रिम्पोछे यांचे. ते स्पितुक गोम्पाचे प्रमुख, लडाखचे लोकनेते आणि पुढे मंगोलियातले भारताचे राजदूत होते. पहिली धावपट्टी १९४८ मध्ये सोनम नोरबू या लडाखी अभियंत्याने स्थानिक लोकांच्या श्रमातून उभी केली, आणि २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी थिमय्यांना घेऊन तिथे डाकोटा उतरवले. त्या विमानात हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती, मार्गाचा नीट नकाशा नव्हता. लेहला मोटाररस्ता आला तो त्यानंतर दहाबारा वर्षांनी. वाहतुकीच्या नेहमीच्या इतिहासात पाऊलवाट, गाडीरस्ता, रेल्वे आणि मग विमान असा क्रम असतो. लेहने चाकांच्या आधी पंख पाहिले. त्यामुळे इथल्या विमानसेवेला चैन म्हणणे अन्यायाचे ठरेल. तिचा जन्मच निकडीतून झालेला आहे.

या विमानतळाचे स्वतःचे नियम आहेत, आणि ते २५५ च्या आकड्यात कुठेही दिसत नाहीत. धावपट्टी ३,२५६ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो; श्रीनगरला तो ८२ टक्क्यांच्या आसपास. विरळ हवेत पंखांना कमी उचल मिळते आणि इंजिनाची ताकद घटते, म्हणून उड्डाणाला जास्त वेग आणि जास्त लांबी लागते. हवा तापली की ती आणखी विरळ होते. दुपारी वारेही उठतात. म्हणून लेहची नागरी उड्डाणे परंपरेने सकाळीच आटोपतात, आणि इथून निघणाऱ्या विमानांना कित्येकदा प्रवासी किंवा सामान कमी घ्यावे लागते. जुलै २०२४ च्या अखेरीस लेहमध्ये पारा पस्तिशीच्या पुढे गेला तेव्हा सलग काही दिवस अनेक विमाने रद्द झाली. बर्फासाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात विमाने उन्हाने अडावीत, ही या प्रवासातली सर्वांत अनपेक्षित माहिती म्हणायला हवी. हवामान तापत चालले आहे, त्यामुळे हा प्रश्न पुढेही डोके वर काढणार. शिवाय लेहला येणारी बहुतेक विमाने दिल्लीहून येतात, ६०० किलोमीटरहून लांबून. श्रीनगरहून थेट फेऱ्या मोजक्याच. अंतराचा तक्ता रोज उघडता येतो, विमान रोज असतेच असे नाही.

उरला तो शरीराचा हिशेब. विमानाने माणूस तासाभरात १,६०० मीटर वर येतो. पाय लेहला टेकतात, पण रक्त आणि फुप्फुसे अजून श्रीनगरच्याच हवेच्या सवयीची असतात. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही उंचीच्या आजाराची सौम्य लक्षणे. फुप्फुसांत पाणी साचणे हे त्याचे जीवघेणे रूप. म्हणून लेहला विमानाने उतरणाऱ्याने निदान ४८ तास विश्रांती घ्यावी असे डॉक्टर आणि प्रशासन बजावून सांगतात. रस्त्याने येणाऱ्याची पहिली रात्र २,६७६ मीटरवरच्या कारगिलला जाते, आणि शरीराला एक पायरी मिळते. विश्रांती त्यालाही लागतेच, पण धक्का सौम्य असतो. म्हणजे विमानाने वाचवलेले दोन दिवस सपाटीवरून आलेल्या पर्यटकाला लेहच्या खोलीत पडून परत करावे लागतात. ४९ मिनिटे आणि ४८ तास ही बेरीज कोणत्याही तक्त्यात छापलेली नसते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सगळे हौशी प्रवाशाचे तत्त्वज्ञान झाले. फेब्रुवारीत लेहच्या गर्भवतीला मोठ्या रुग्णालयात न्यायचे असेल, विद्यार्थ्याला परीक्षा गाठायची असेल, तर त्यांना आल्चीची चित्रे आणि कारगिलची सराय काय कामाची? आक्षेप रास्त आहे. शिवाय लडाखी माणसाचे शरीर त्या उंचीचेच असते, त्याला गावी परतताना ४८ तासांचा दंड सहसा भरावा लागत नाही. त्याच्यासाठी विमान खरोखरच तासाभराचे आहे. २०१९ मध्ये लडाख वेगळा केंद्रशासित प्रदेश झाला, तरी उच्च न्यायालय जम्मू-काश्मीर आणि लडाख यांचे मिळून एकच आहे आणि ते श्रीनगर व जम्मूत बसते, म्हणून तिकडे जाण्याची कायदेशीर गरजही उरतेच. पण याच आक्षेपातून मूळ मुद्दा अधिक बळकट होतो. अंतर कोणासाठी, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या कामासाठी मोजायचे, हे ठरल्याशिवाय उत्तर देता येत नाही. लेहच्या रुग्णासाठी जानेवारीत हे अंतर तिकिटाच्या किमतीत आणि हवामानाच्या लहरीत मोजले जाते. द्रासच्या रुग्णासाठी ते झोजी लावरच्या बर्फात मोजले जाते. विमानाचे कौतुक करताना पहिला दिसतो, दुसरा दिसत नाही.

दुसरा आक्षेप असा की तक्त्याने एवढे सगळे सांगावे ही अपेक्षाच अवाजवी; तो वैमानिकासाठी आणि इंधनाच्या हिशेबासाठी असतो. तेवढ्यापुरते ते ठीकच. पण हे आकडे धोरणातही शिरतात. सरकारच्या ‘उडान’ योजनेत तासाभराच्या किंवा सुमारे ५०० किलोमीटरच्या प्रवासासाठी सुरुवातीला २,५०० रुपये भाड्याची मर्यादा ठरवली गेली, आणि मार्गांची लांबी २०० ते ८०० किलोमीटर अशी धरली. त्याच योजनेने डोंगराळ, दुर्गम, बेटांच्या आणि सुरक्षेच्या दृष्टीने संवेदनशील प्रदेशांना किमान अंतराची अट मात्र लावली नाही. सपाटीवरचे दोनशे आणि डोंगरातले दोनशे किलोमीटर सारखे नसतात, हे धोरण आखणाऱ्यांनीही अशा रीतीने मान्य केले आहे. ही समज एका अपवादाच्या ओळीपुरती न राहता प्रत्येक मार्गाच्या आखणीत यायला हवी, एवढेच म्हणणे आहे.

तिसरा आक्षेप झोजी ला बोगद्याचा. बालटाल ते मिनामर्ग असा सुमारे तेरा किलोमीटरचा हा बोगदा खोदला जात आहे. तो झाला की खिंड ओलांडण्याचा तासन्‌तासांचा त्रास वीसएक मिनिटांवर येईल असा अंदाज आहे, आणि मग रस्ता-विमान हा वादच संपेल असे म्हणणारे आहेत. बोगद्याने फार मोठे काम होईल यात शंका नाही. द्रास आणि कारगिलला त्याचा लाभ लेहपेक्षाही जास्त होईल, कारण त्यांना नियमित विमानसेवेचा पर्यायच नाही. हिवाळ्याचा साठा करण्यात अडकणारे भांडवल मोकळे होईल, भाज्यांचे भाव उतरतील. पण फोटू ला आहे तिथेच राहणार, द्रासची थंडी ओसरणार नाही, लेहची हवा दाट होणार नाही. बोगद्याने हंगामाचा अडथळा निघेल, उंचीचा निघणार नाही. आणि बारमाही वाहतूक सुरू झाली की वर्षाकाठी १०० मिलिमीटर पाण्यावर जगणाऱ्या लेहवर किती माणसांचा भार पडेल, हा प्रश्न त्या दिवसापासून अधिकच टोकदार होईल.

तेव्हा श्रीनगर ते लेह किती लांब, याचे प्रामाणिक उत्तर एका ओळीचे नाही. हवेतून २५५ किलोमीटर आणि तासभर, सकाळी हवामान स्वच्छ असेल तर. जमिनीवरून सव्वाचारशे किलोमीटर आणि दोन दिवस, झोजी ला खुला असेल तर. चार भाषा, दोन धर्म आणि सातपट कमी पाऊस यांचे अंतर कधीही. विमानसेवा वाढायलाच हवी, विशेषतः हिवाळ्यात आणि लडाखी माणसाला परवडेल अशा भाड्यात. पण ती वाढली म्हणून रस्त्याचे, बोगद्याचे आणि कारगिलच्या धावपट्टीचे काम मागे पडता कामा नये, कारण विमान टोकांपुरते असते आणि वस्ती मध्येही आहे. महाराष्ट्रातून लडाखला जाणाऱ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते : सहलीत दोन दिवस कमी करायचे असतील तर ते परतीच्या वाटेवर करा. जाताना श्रीनगरहून रस्त्याने चढा, एक रात्र कारगिलला राहा, आणि येताना लेहहून विमानाने उतरा. शरीरालाही ते मानवते, आणि मधल्या गावांनाही.